पुरानंतरचा गाळ आणि मलबा: आमच्या सोसायटीनं ठेका कसा दिला

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जो पूर आला, त्यात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला असलेल्या बहुतेक वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. आमची सोसायटी त्यातलीच एक. पुरानंतर गाळ काढणं, पडलेली कंपाउंडची भिंत उचलून नेणं आणि त्याचा रीतसर ठेका देणं हे काम सचिव म्हणून माझ्याकडे आलं. यापूर्वी रंगकाम आणि टाकी धुणं एवढेच ठेके मी दिले होते. त्या दिवसांत असं काही वाचायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे.

ते दिवस महालक्ष्म्यांचे होते. २२ तारखेला जेवणं झाली. तळमजल्यावरच्या दोन घरांत मोठा कार्यक्रम होता आणि भांडी घासून तिथेच उपडी घालून ठेवलेली होती. रात्री दोननंतर पाऊस असा कोसळू लागला की समोरचं दिसेना. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, तलाव ओसंडला आणि नाग नदीला ते पाणी पोटात घेता आलं नाही. पहाटे आमचं तळघर, म्हणजे पार्किंग, छतापर्यंत भरलं आणि तळमजल्याच्या घरांत कमरेएवढं पाणी होतं. नाल्याकडची भिंत केव्हा पडली ते कुणालाच कळलं नाही. शहरात माणसं दगावली. आमच्याकडे सगळे सुखरूप राहिले, त्यापुढे बाकीचं नुकसान लहानच.

पाणी ओसरलं तेव्हा सगळ्यांची पहिली धाव झाडू आणि फावड्याकडे होती. तिथेच थांबायला हवं. आमच्याकडे एक निवृत्त अभियंता काका आहेत, त्यांनी सगळ्यांना थांबवलं. आधी भिंतींवर पाण्याच्या रेषेशी मार्करनं खूण करून तारीख टाकली. प्रत्येक खोलीत, तळघराच्या चारही कोपऱ्यांत मोजपट्टी उभी धरून गाळाची जाडी दिसेल असे फोटो काढले. पडलेल्या भिंतीची लांबी टेपनं मोजून तिचाही फोटो घेतला. या फोटोंचा उपयोग पुढे तीन ठिकाणी झाला: पंचनाम्यात, विम्यात आणि ठेकेदाराच्या बिलात.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तळघरातलं पाणी एका दमात उपसायचं नाही. बाहेरची माती पाण्यानं फुगलेली असते, आतलं पाणी एकदम काढलं की बाहेरचा दाब भिंतींवर येतो. दिवसाला साधारण एक तृतीयांश काढायचं आणि मध्ये भिंतींना नवीन भेगा पडल्या का ते बघायचं. आम्ही डिझेल पंप भाड्यानं आणला. तो पाण्याच्या कामाचा वेगळा खर्च, डिझेल धरून ८,५०० रुपये. मीटर रूममध्ये महावितरणचा माणूस येऊन तपासून जाईपर्यंत मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही, हे जिन्यात कागदावर लिहून चिकटवलं. बुडालेल्या गाड्याही चालू करून पाहू दिल्या नाहीत, कारण पाणी गेलेलं इंजिन सुरू केलं तर कायमचं बिघडू शकतं.

२३ ला चौथा शनिवार, २४ ला रविवार. बँका बंद. तरी पंचनाम्याची माणसं वस्तीत फिरू लागली होती, आमच्याकडे ती सोमवारी, २५ ला आली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस यांनी घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना १० हजार, दुकानांना ५० हजारांपर्यंत आणि टपरीधारकांना १० हजारांपर्यंत मदत जाहीर केली होती. आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स आणि घराचा पुरावा एकाच पिशवीत ठेवा, कारण पंचनाम्याची माणसं प्रत्येक दारात फार वेळ थांबू शकत नाहीत. ही मदत कुटुंबाला मिळते. सोसायटीच्या भिंतीला, तळघराला त्यात जागा नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी लागते. रस्त्यावर आलेला गाळ आणि घराघरांतून बाहेर काढलेल्या गाद्या, फर्निचर, कुजलेलं धान्य महापालिकेच्या गाड्या उचलत होत्या. पण कंपाउंडच्या आतला मलबा आपला. झोन कार्यालयात विचारलं तेव्हा तेच उत्तर मिळालं, आणि ते नियमाला धरून होतं. बांधकाम आणि पाडकाम कचऱ्यासाठी तेव्हा केंद्र सरकारचे २०१६ चे नियम लागू होते. ज्याचा मलबा, त्यानं तो गोळा करून स्थानिक संस्थेनं ठरवलेल्या जागी पोहोचवायचा, रस्त्यावर किंवा गटारात टाकून वाट अडवायची नाही, असं त्यात सांगितलं होतं. आम्ही झोन कार्यालयाला साध्या कागदावर अर्ज दिला: आमच्याकडे अंदाजे इतका मलबा आहे, तो कुठे टाकायचा ते कळवावं. पोच घेतली. तोंडी उत्तर त्याच दिवशी मिळालं, लेखी यायला वेळ लागला. पण पोच हातात असल्यामुळे ठेकेदाराशी बोलताना आधार होता.

आता ठेक्याचं. या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते इथेच: मलबा कसा मोजणार आणि कुठे टाकणार, या दोन गोष्टी कागदावर आल्याशिवाय टिप्पर आत घेऊ नये. दराची घासाघीस त्यानंतर.

२५ आणि २६ ला दरपत्रकं मागवली. पहिला ठेकेदार म्हणाला, "मॅडम, आत्ता रेटचं नोका विचारू. साऱ्या शहरातच काम निघालं. ट्रिपचे चार हजार, टिप्पर भरला का निघाला." किती भरला, हे कोण ठरवणार असं विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, "मोजत कोन बसन?" दुसऱ्यानं उक्तं काम सांगितलं, एक लाख दहा हजार, सगळं साफ करून देतो. त्यात "सगळं" म्हणजे काय ते लिहून द्यायला तो तयार नव्हता. गडर लाइनचे, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीचे, चेंबर त्यात येतात का, यावर "ते पाहून घेऊ". तिसऱ्यानं ब्रासनं दर दिला: उघड्यावरचा गाळ आणि भिंतीचा मलबा १,२०० रुपये ब्रास, तळघरातला २,२०० रुपये ब्रास, कारण तिथे जेसीबी जात नाही. उतार अरुंद, छत ठेंगणं, सगळं घमेल्यानं वर आणायचं.

ज्यांना ब्रासचा हिशोब माहीत नाही त्यांच्यासाठी: एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आमचं तळघर २,४०० चौरस फूट, गाळ सरासरी ९ इंच, म्हणजे १,८०० घनफूट, १८ ब्रास. अंगण आणि बाजूच्या पट्ट्या मिळून ३,००० चौरस फूट, ४ इंच गाळ, म्हणजे १० ब्रास. भिंत ८० फूट लांब, ५ फूट उंच, ९ इंच जाड, म्हणजे ३ ब्रास. किरकोळ धरून ३२ ब्रास. हा झाला जागेवरचा अंदाज. खणून टिप्परमध्ये टाकला की मलबा फुगतो, विटांच्या मध्ये पोकळी राहते. काकांनी त्यासाठी पाव हिस्सा वर धरायला सांगितला, म्हणून करारात कमाल ४० ब्रास लिहिलं. त्याच्या पुढे जायचं असेल तर आधी समितीची लेखी संमती. या एका ओळीमुळे बिल कुठवर जाईल हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना माहीत होतं.

नाल्याकाठचा एक प्रकारही याच दिवसांतला. २६ च्या संध्याकाळी आमच्या समितीतला एक तरुण सभासद दूध आणायला गेला होता. शेजारच्या लेआउटमधल्या कुठल्याशा बंगल्याचा मलबा घेऊन निघालेली ट्रॅक्टर ट्रॉली त्याच्या डोळ्यांदेखत नाल्याच्या काठावर, झुडपांआड रिकामी झाली. त्यानं मोबाइलवर फोटो काढून आणला. विटा, टाइल्सचे तुकडे, एक कमोड, आणि ढिगाचा पाय पाण्यात. तीन दिवसांपूर्वी याच नाल्यानं आमची भिंत पाडली होती. नाल्याचं पात्र आणखी अरुंद करून पुढच्या पावसाळ्यात ते पाणी पुन्हा आपल्याच दारात आणायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. पुराची कारणं काय, तलावाच्या सांडव्यासमोर काय बांधलं गेलं, नदीचं पात्र किती आवळलं, यावर पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. तो मोठा विषय आहे. पण आपला मलबा नाल्यात जाऊ नये एवढं तरी प्रत्येक सोसायटीच्या हातात आहे. तो फोटो मी सभेत सगळ्यांना दाखवला.

खर्च समितीच्या अधिकारापेक्षा जास्त होता, त्यामुळे २७ ला संध्याकाळी गच्चीवर सर्वसाधारण सभा घेतली. लाइट नव्हते, टॉर्चच्या उजेडात इतिवृत्त लिहिलं. दोन सभासदांचं म्हणणं होतं की उक्तं काम द्या, डोक्याला ताप नको. त्यांचा थकवा मला समजत होता. तळमजल्याची कुटुंबं वरच्या मजल्यांवर शेजाऱ्यांकडे झोपत होती आणि प्रत्येकाला आजच्या आज सफाई हवी होती. पण ब्रासचा हिशोब फळ्यावर मांडला आणि तिसऱ्या ठेकेदाराचं दरपत्रक मंजूर झालं. सभेला हजर असलेल्या प्रत्येकाची सही घ्या. पुढे विमा कंपनीनं ठरावाची प्रत मागितली.

करार तेव्हा शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर केला. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात असे करार पाचशेच्या स्टॅम्पवर करावे लागतात. त्यात आम्ही साध्या मराठीत हे लिहिलं: प्रत्येक गाडीचा डाला काम सुरू होण्यापूर्वी आतून टेपनं मोजायचा आणि भरणी डाल्याच्या काठाला सपाट धरायची. गाळ, विटा-काँक्रीट, लोखंड आणि लाकूड-प्लास्टिक वेगळं भरायचं. मलबा झोन कार्यालयानं सांगितलेल्या जागीच टाकायचा, दर खेपेला रिकामं करतानाचा फोटो व्हॉट्सॲपवर आल्यावरच ती खेप धरली जाईल. लोखंडी गेट, सळ्या आणि चांगल्या विटा सोसायटीच्या. गाळात सापडलेली कोणतीही वस्तू सोसायटीच्या ताब्यात द्यायची. मजुरांना गमबूट आणि हातमोजे ठेकेदारानं द्यायचे. आगाऊ २० टक्के, आणि १० टक्के रक्कम गडर लाइनचे चेंबर वाहते करून दिल्यावर. बिल जीएसटीचं पक्कं, पॅन क्रमांकासह.

ठेकेदारानं शेवटचं सोडून सगळं मान्य केलं. पक्कं बिल म्हणजे १८ टक्के वर, तुम्हालाच महाग पडेल, असं तो सांगत राहिला. ते खरंच होतं. पण कच्च्या पावतीवर विमा कंपनी एक रुपया देत नाही आणि लेखापरीक्षणात खर्च अडकतो.

२८ ला अनंत चतुर्दशी. मजूर ठिय्यावर मिळणार नव्हतेच. काम २९ ला सुरू झालं. जड वाहनांना शहरात दिवसा बंदीच्या वेळा असतात, त्यामुळे टिप्पर पहाटे आणि रात्री निघायचे आणि दिवसभर भरण्याचं काम चालायचं. पहिल्या टिप्परचा ड्रायव्हर म्हणाला, "तीन ब्रासची गाडी हाय." काकांनी टेप काढला. आतून १२ फूट लांब, ७ फूट रुंद, ३ फूट उंच. २५२ घनफूट, म्हणजे अडीच ब्रास. ठेकेदारानं वाद न घालता आकडा वहीत लिहिला आणि सही केली. दर खेपेला अर्ध्या ब्रासचा फरक आहे, आणि तळघराच्या दरानं त्याचे ११०० रुपये होतात. टेप ८० रुपयांचा मिळतो.

तळघरातलं काम मात्र पाहवत नव्हतं. गडरचं पाणी मिसळलेला काळा गाळ, वरून कोरडा दिसणारा आणि आत कुठे कुठे पाय गुडघ्यापर्यंत जाणारा. उन्हं चढली की वास वरच्या मजल्यापर्यंत यायचा. पुरुष फावड्यानं भरून द्यायचे आणि रेजा, म्हणजे मजूर बाया, डोक्यावर घमेली घेऊन उतार चढायच्या. गमबूट आले ते सगळे मोठ्या मापाचे. दोघी जणी अनवाणीच उतरत होत्या, तेव्हा काम थांबवलं आणि लहान मापाचे बूट दुसऱ्या दिवशी येईपर्यंत त्यांना वर विटा साफ करायला बसवलं. त्या दिवसाची मजुरी कापू नये म्हणून ठेकेदाराला सांगावं लागलं. जवळच्या डॉक्टरांनी सगळ्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि ताप आला तर पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा म्हणून समजावलं, कारण उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. कराराच्या कागदात "गमबूट" लिहिताना पुढच्या वेळी "मापाचे" हा शब्दही लिहीन.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक रेजा घमेलं तसंच खाली ठेवून वर आली. हातात चिखलाचा गोळा. "बाई, हे पाहा बरं, कोनाचं तरी होय." नळाखाली धरल्यावर नाक, मग कपाळावरची कोरलेली टिकली दिसली. तळमजल्यावरच्या काकूंच्या ज्येष्ठेचा पितळी मुखवटा. त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला. काकूंनी त्या बाईला हाताला धरून वरच्या मजल्यावर नेलं, चहा दिला, साडी दिली. त्या आठवड्यात काकू पहिल्यांदा जेवल्या असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. सापडलेल्या वस्तूंचं कलम जेसीबीनं सरसकट उचलणाऱ्या उक्त्या कामात असतं तरी काय उपयोग झाला असता, कोण जाणे.

रेजांनी साफ केलेल्या विटा नव्या भिंतीत कामी आल्या. लोखंड भंगारात ६,३०० रुपयांना गेलं आणि पैसे सोसायटीच्या खात्यात भरले. फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या मलब्यात जाऊ न देता वेगळ्या ठेवल्या आणि ई-कचरा घेणाऱ्याला दिल्या. मलबा गेल्यावर फरशीवर ब्लिचिंग पावडर मारली. तळघर कोरडं व्हायला पुढे बराच काळ लागला, त्याला इलाज नाही.

नवरात्र बसायच्या आत काम संपलं. बिल आलं ते असं: तळघर २१ ब्रास, ४६,२०० रुपये, उघडा गाळ ११ ब्रास, १३,२०० रुपये, भिंत ४ ब्रास, ४,८०० रुपये. एकूण ६४,२०० आणि त्यावर जीएसटी ११,५५६. म्हणजे ७५,७५६. ठेकेदारानं "ज्यादा मजुरी" म्हणून आणखी नऊ हजार खाली पेनानं लिहिले होते. वही आणि करार समोर ठेवल्यावर त्यानं ते स्वतःच खोडले. त्याच्याबद्दल माझं मन वाईट नाही. माणसं मिळत नसताना त्यानं काम सोडलं नाही.

सहकारी सोसायटीनं ठेकेदाराला एका वेळी ३० हजारांहून जास्त दिले तर टीडीएस कापावा लागतो: ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो सोडून उरलेल्या रकमेवर. आमचे ६४२ रुपये झाले आणि खजिनदारांनी ते ७ नोव्हेंबरच्या आत भरले. १० टक्के राखलेली रक्कम, ६,४२० रुपये, चेंबरमध्ये पाण्याच्या बादल्या ओतून पाणी पुढे जातंय हे पाहिल्यावर दिली. त्यासाठी त्याला पुन्हा माणसं पाठवावी लागली. रक्कम राखली नसती तर ती आली असती असं मला वाटत नाही.

विम्याबद्दल आधीच माहीत असायला हवं असं एक सांगते. आमची पॉलिसी भारत गृह रक्षा प्रकारची आहे आणि पूर त्यात येतो. पण मलबा हटवण्याचा खर्च मंजूर झालेल्या दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंतच मिळतो. भिंत, मीटर पॅनल, पंप आणि बाकी मिळून दावा ३ लाख ८० हजारांना मंजूर झाला, म्हणजे मलब्याचे ७,६०० रुपये. ते २०२४ च्या मार्चमध्ये जमा झाले. उरलेला खर्च देखभाल निधीतून आणि प्रत्येक सदनिकेमागे वर्गणी काढून भागवला. आपल्या पॉलिसीत हा आकडा किती आहे ते आजच काढून बघा. जास्तीचं संरक्षण विकत मिळतं का, हे नूतनीकरणाच्या वेळी विचारता येतं.

त्यानंतर दर मे महिन्यात आम्ही त्याच ठेकेदाराकडून आणि आणखी एकाकडून वर्षाचे दर लिहून घेतो: उघड्यावरचा ब्रास किती, तळघरातला किती, पंपाचं दिवसाचं भाडं किती, फोन केल्यापासून किती तासांत माणसं येतील. काम निघालं नाही तर कुणाला काही देणं लागत नाही. पूर आल्यावर ट्रिपचे चार हजार सांगणारा हाच बाजार मे महिन्यात शांतपणे बसून दर लिहून देतो. यंदाचा कागद पाण्याच्या टाकीच्या चाव्यांसोबत वॉचमनच्या खोलीत, वरच्या फळीवर ठेवला आहे.